समोरची

ऑफिसात तिला सगळे 'समोरची' म्हणत. गेली एकोणीस वर्षं ती लोकांच्या समोर बसण्याचाच पगार घेत होती, म्हणून ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

ऑफिस लग्नं जमवणाऱ्यांचं होतं, पण साधंसुधं नव्हे. दारावर पाटी नाही, कुठे जाहिरात नाही. जुन्या सभासदाने शिफारस केल्याशिवाय नव्याला जिनासुद्धा चढता येत नसे. आतला गालिचा इतका जाड, की कॉफी आणणाऱ्या मावशी कधी मागे येऊन उभ्या राहिल्या ते कळायचं नाही. मालकीणबाईंना या गोष्टीचा फार अभिमान होता. मावशींचा नव्हे, गालिच्याचा.

या ऑफिसची एक रीत होती. पुरुष सभासदाला खऱ्या बाईसमोर बसवण्याआधी त्याच्याकडून भेटीचा सराव करून घेत. मागच्या खोलीत गोल टेबल, दोन खुर्च्या, दोन कप कॉफी आणि समोर ही. वेळ पाऊण तास. तिच्या पुढ्यात फॉर्म आणि फॉर्मवर पाच चौकोन. ऐकून घेतो. स्वतःची टिमकी वाजवत नाही. समोरच्याला काही विचारतो. फोनकडे बघत नाही. निरोप नीट घेतो. पाचही चौकोनांत बरोबरची खूण झाली की माणूस पास. एक जरी फुली पडली तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा हजर.

भल्याभल्यांना तिने पाणी पाजलं होतं. एका कारखानदारांनी पहिल्या भेटीत पाऊण तास आपल्या गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलं. तिने सहा आठवडे खपून त्यांना माणसात आणलं. आता ते बायकोचा हात धरून पुढच्या खोलीतल्या भिंतीवर, चौकटीत हसत होते. रस्त्यात दिसले तर ओळख दाखवत नसत. गरज सरो, वैद्य मरो.

ती सेहेचाळीस वर्षांची होती आणि घरी फक्त आई. संध्याकाळी ही चपला काढते न काढते तोच आईचा प्रश्न तयार, आज कोण होता? ही सांगायची आणि मग आई ठरलेलं बोलायची, "एवढी माणसं सरळ करून दुसऱ्यांच्या हवाली करतेस. एखादा वाकडा का होईना, स्वतःसाठी ठेव की." ही नियम सांगायची. सभासदाशी ओळख वाढवायची नाही, वाढवली तर त्याच दिवशी नोकरी संपली. त्यावर आईचं म्हणणं, असले नियम लग्न झालेल्या बायकाच करतात.

डॉक्टर आले ते गुरुवारी. दातांचे डॉक्टर, वय एक्कावन्न, बायको जाऊन सहा वर्षं झालेली. थोरल्या बहिणीने खटपट करून शिफारस मिळवली होती आणि त्यांना अक्षरशः जिन्यापर्यंत आणून सोडलं होतं. ते बसले, इकडेतिकडे बघितलं आणि पहिलाच प्रश्न त्यांनी हिला विचारला. तुम्ही कॉफी का घेत नाही?

एकोणीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. ती सांगून गेली, की दिवसाला सहा भेटी, म्हणजे सहा कॉफ्या, आणि पित्ताने डोकं उठतं. पुढच्या गुरुवारी तिच्यापुढे गरम पाण्याचा कप आला. डॉक्टरांनी येतानाच मावशींना सांगून ठेवलं होतं.

तीन भेटी सगळ्यांनाच सक्तीच्या होत्या. त्यानंतर असा माणूस पास व्हायला हरकत नव्हती. पण चौथ्या भेटीत डॉक्टरांना काय झालं कोण जाणे, ते वीस मिनिटं अक्कलदाढांवर बोलले. फुली. पाचव्या भेटीत निरोप न घेताच उठून गेले, छत्री विसरली म्हणून परत आले आणि पुन्हा निरोप न घेता गेले. फुली. सहाव्या वेळी एकही प्रश्न विचारला नाही. प्रत्येक फुलीबरोबर तिला आनंद होत होता. लपवून काय उपयोग, ती त्या माणसाच्या प्रेमात पडली होती. दर बुधवारी ती निळ्या साडीला इस्त्री करी. आई ते बघे आणि नवलच म्हणायचं, काही बोलत नसे.

आठव्या भेटीनंतर मालकीणबाईंनी तिला बोलावून एक फाइल पुढे केली. एक विधवा बाई, लहान मुलांची शाळा चालवणारी. अपेक्षांच्या रकान्यात तिने एकच ओळ लिहिली होती, माझं वाक्य पुरं होऊ देणारा माणूस हवा. मालकीणबाई म्हणाल्या, या बाई दोन महिने थांबल्यात, तुमचे डॉक्टर अडलेत कुठे?

ती त्या दिवशी चालत घरी गेली. स्वतःची लाज वाटत होती. वीस मिनिटं दाढांवर बोलला म्हणून काय कुणी माणूस वाईट ठरतो? तिने स्वतःच्या पाऊण तासासाठी त्याला अडकवून ठेवलं होतं. नियम मोडायची हिंमत नाही आणि त्याला सोडायची दानत नाही. आपण कोण मोठ्या लागून गेलो, असं ती वाटभर स्वतःला म्हणत राहिली.

नवव्या गुरुवारी डॉक्टर छान बोलले, छान ऐकलं. मग मध्येच त्यांनी खिशातून फोन काढला, टेबलावर धरला आणि त्याच्याकडे बघत बसले. चांगलं मिनिटभर. पडदा काळा होता. तिने ते पाहिलं. डॉक्टरांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं. चौथ्या चौकोनावर तिचं पेन थांबलं आणि तिथे तिने बरोबरची खूण केली. मग पाचव्यातही केली आणि फॉर्म त्यांच्यापुढे सरकवला.

"पास झालात, डॉक्टर."

ते चौथ्या चौकोनाकडे बघत राहिले. "हासुद्धा बरोबर?"

"हासुद्धा."

डॉक्टर उठले. तिने शिकवलं होतं तसा निरोप घेतला. उभं राहून, डोळ्यांत बघून, एका वाक्यात. गरम पाणी मागवत जा, एवढंच म्हणाले.

पाच महिन्यांनी त्यांची बहीण भिंतीसाठी लग्नाचा फोटो घेऊन आली. मालकीणबाई बाहेर गेल्या होत्या, म्हणून फोटो हिनेच घेतला. फोटोत डॉक्टर शाळावाल्या बाईंशेजारी उभे होते. बाईंचा चेहरा चांगला होता.

"तुम्हीच ना त्या समोर बसणाऱ्या?" बहीण म्हणाली. "तुम्हाला एकदा बघायचं होतं." आणि बोलायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून बसूनच घेतलं. दर बुधवारी जेवताना आम्ही दोघं ठरवायचो, उद्या कुठली चूक करायची, असं तिने हसत सांगितलं. दाढांची कल्पना तिचीच. पास झालं की येणं बंद, म्हणून पास व्हायचं नाही. ओळख वाढवायची नाही हे सभासदांनाही आधीच बजावलेलं, तुमची नोकरी जाईल म्हणून तोंड उघडायची सोय नव्हती. "शेवटी मीच म्हटलं, असं किती दिवस चालायचं? तर म्हणाला, ताई, या वेळी बंद फोनकडे बघत बसतो, आंधळ्यालाही दिसेल. तिने फुली मारली तर मी यायला हवा आहे असं समजायचं. मग नियम गेला खड्ड्यात, सरळ विचारतो. आणि तरीही पास केलं, तर तेच उत्तर."

समोरचीने फोटो उगाच पुसला.

"घरी आला आणि म्हणाला, उत्तर मिळालं. राग नाही हं, मनावर कुणाची जबरदस्ती असते का? बाई चांगली मिळाली, नीट चाललंय दोघांचं. मला आपली रुखरुख होती, की तुमचं लक्षच नसेल तर? तुम्ही बघितलं होतंत ना त्याला?"

नाही म्हटलं असतं तर ते 'नाही' आज संध्याकाळीच डॉक्टरांच्या घरी पोचलं असतं आणि त्या दोघांच्या मध्ये जाऊन बसलं असतं. आणि ते खोटंही ठरलं असतं.

"हो," ती म्हणाली. "बघितलं होतं."

"बरं झालं," बहीण म्हणाली आणि तिने सुटकेचा निःश्वास टाकला. "म्हणजे त्याचं बरोबरच होतं."

ती गेल्यावर समोरचीने फोटो भिंतीला लावला, वाकडा लागला तो सरळ केला आणि मागच्या खोलीत गेली. एक नवे सभासद बसले होते. तिच्या जागी गरम पाण्याचा कप होता. मावशी तो अजून रोज आणत, कारण थांबवायला कुणी सांगितलं नव्हतं. गृहस्थ बरे होते, ऐकून घेत होते. मध्येच त्यांनी खिशातून फोन काढून पाहिला. तिने चौथ्या चौकोनात फुली मारली, इतक्या जोरात की कागद फाटला. गृहस्थ दचकले आणि माफी मागू लागले. ती म्हणाली, काही हरकत नाही, पुढच्या आठवड्यात या.