चार रकान्यांची बेरीज

रक्तदाते शोधायचं ते संकेतस्थळ आम्ही दोघांनी हौसेनं बांधलं होतं. मी कराडात, माझा कॉलेजातला मित्र सांगलीत. शोधाची पद्धत त्याची. नाव, गाव, रक्तगट, शेरा असे चार रकाने. शोधलेले शब्द जितक्या रकान्यांत सापडतील तितके गुण, सगळ्यांची बेरीज, आणि जास्त गुणवाला वर. "अरे, रक्तगट जुळला तरच पुढचं बघ," मी कितीदा सांगितलं. "बघू गं निवांत," हे त्याचं ठरलेलं उत्तर. शेवटी बोलून बोलून मीच दमले.

आमच्याकडच्या माणसाला गावाचं नाव एकदा लिहून भागत नाही. नावापुढं कराड, गावाच्या रकान्यात कराड, शेऱ्यात 'कराडकरांच्या सेवेसाठी'. गाडीच्या काचेवरसुद्धा लिहितात, तिथं रकान्यांची काय कथा!

त्या दिवशी माझ्या धाकट्या बहिणीचं ऑपरेशन अडलं. संध्याकाळच्या आत ओ निगेटिव्ह रक्त हवं होतं. रक्तपेढीत पिशवी नव्हती, माझा आणि अण्णांचा, म्हणजे वडिलांचा, गट जुळत नव्हता. दवाखान्याच्या बाकावर बसून मी आमच्याच संकेतस्थळावर 'ओ निगेटिव्ह कराड' शोधलं. पहिला माणूस फोनवर म्हणाला, "आवं ताई, माझं ए पॉझिटिव्ह हाय की!" दुसराही तसाच, तिसराही तसाच. तीन-तीन ठिकाणी कराड लिहिलेले सगळे डोक्यावर, आणि ज्याचं रक्त हवं तो कुठंतरी तळाला. कपाळ माझं! इतकी चीड आली की रडूच फुटलं.

मित्राला फोन लावला. "तुझी बेरीज घाल चुलीत. आधी रक्तगट. तो जुळत नसेल तर माणूस दाखवूच नको."

या वेळी तो निवांत म्हणाला नाही. थोड्या वेळानं पुन्हा शोधलं तर दोनच नावं उरली. एकजण परदेशी गेलेला. दुसरे माझे सख्खे थोरले चुलते. नाव आणि रक्तगट, बाकी रकाने कोरे.

आजी गेली तेव्हापासून दोघा भावांचं बोलणं बंद होतं. मी मोबाइल अण्णांपुढं धरला. "तुम्हाला त्यांचा गट माहीत होता?"

"व्हय."

"मग सकाळपासून मूग गिळून का बसलात?"

"न्हाई म्हनला असता तर?"

रागही आला, कीवही आली. भांडायला अंगात त्राण नव्हतं. मीच चुलत्यांना फोन लावला. सगळं ऐकायच्या आधीच त्यांनी विचारलं, "दवाखाना कुठला?"

रक्त देऊन ते बाहेर आले, दंडाला कापूस दाबून अण्णांशेजारी बसले. फोन अण्णांनी का केला नव्हता, हे चुलत्यांनी ओळखलं होतं.

"पोरीसाठी मी न्हाई म्हनीन, असं वाटलं व्हय रं तुला?"

अण्णांनी हात पुढं करून त्यांच्या दंडावरचा कापूस स्वतः दाबून धरला.