दोन निळ्या सायकली

अनघा, रोहन,

मागच्या रविवारी तुम्ही दोघांनी मला फोनवर ती जुनी सायकल दाखवलीत. जाड खाचांचे टायर, सरळ दांडीचं हँडल, अंगठ्याने दाबायच्या गिअरच्या कळा. कोणाच्या तरी गॅरेजमधून स्वस्तात मिळाली म्हणालात. रोहनने विचारलं, "आजी, हिच्या पोटाखाली नंबर कोरलाय, तो कशासाठी असतो?" मी तेव्हा एका वाक्यात उत्तर दिलं. पण फोन ठेवल्यावर जे आठवलं ते एका वाक्याचं नव्हतं. नोकरीतल्या खुनाच्या, दरोड्याच्या गोष्टी तुम्ही पुष्कळदा मागितल्यात आणि मी टाळल्या. ही मात्र सांगते. हिच्यात कोणी मेलं नाही, कोणी तुरुंगात गेलं नाही. तरी इतक्या वर्षांत ज्या थोड्या घटना माझ्या मनातून हलल्या नाहीत, त्यातली ही एक आहे. माणसांची नावं लिहीत नाही. त्यांतले बरेच अजून हयात आहेत.

गोंदिया वेगळा होऊन आपला भंडारा जिल्हा आटोपशीर झाला, त्यानंतरची ही गोष्ट. मी पवनी तालुक्यातल्या एका ठाण्याची प्रमुख होते. आपल्याकडे त्या पदाला ठाणेदार म्हणतात. बाई असली तरी ठाणेदारच. सकाळी नऊला हजेरी, मग रात्रीची स्टेशन डायरी वाचायची, मग आलेल्या अर्जांचा गठ्ठा. त्या दिवशी गठ्ठ्यात दोन कागद एकाखाली एक होते आणि दोन्ही एकाच माणसाबद्दल होते.

पहिला कागद चारित्र्य पडताळणीचा. पवनीत सायकल दुरुस्तीचं दुकान असलेल्या एका मिस्त्रीची शासकीय आयटीआयच्या कार्यशाळेत मदतनीस म्हणून निवड झाली होती. त्यांच्यावर गुन्हा नोंद आहे का, वर्तन कसं आहे, एवढं आम्ही कळवायचं होतं. अर्जावरची जन्मतारीख मी पाहिली. वयाची मर्यादा त्याच वर्षी संपत होती. ही नोकरी गेली तर पुढची नव्हती.

दुसरा कागद तक्रारीचा. अक्षर सुंदर, शुद्धलेखन चोख. एका निवृत्त गुरुजींनी लिहिलं होतं, की त्यांच्या सायकलीची मूळ फ्रेम त्याच मिस्त्रीने बदलून घेतली, म्हणून चोरी आणि अपहाराचा गुन्हा दाखल करावा.

आमचे हवालदार जाणते होते, तालुक्यातली प्रत्येक वाट त्यांना माहीत. मी विचारलं, "सायकलीच्या फ्रेमसाठी माणूस पोलिसात येतो?"

"मॅडम, हे तसले सायकलवाले नाहीत जी. हे जुन्या गिअरवाल्या सायकलीचे खुळे हायेत. एकानं बायकोचा वाढदिवस इसरला, पण सायकलीचा नाही इसरला. तालुक्यात मशहूर हाय."

हळूहळू मला कळलं. भंडारा, पवनी, कोंढा, तुमसर अशा ठिकाणचे चौदा जण. नव्वदीच्या सुरुवातीला आपल्या देशात पहिल्यांदा डोंगरी सायकली बनल्या, जड पोलादी फ्रेमच्या. पुढे नव्या हलक्या सायकली आल्या आणि या भंगारात गेल्या. या चौदा जणांनी काही स्वतःच्या जपल्या, बाकीच्या भंगारातून, गोठ्यांतून, धानाच्या कोठ्यांमागून शोधून आणल्या. त्यांचे नियम कडक होते. सायकलीवर ओझं लादायचं नाही. रंग मूळचाच ठेवायचा, उडाला तरी चालेल. फ्रेमला वेल्डिंग झालं, की ती मूळ राहिली नाही. तिला कोणी वाईट म्हणायचं नाही, पण फोटोत मागे उभी करायचे.

गुरुजींनी त्यांच्या निळ्या सायकलीवरून वीस वर्षं कालव्याच्या काठाने शाळेत ये-जा केली होती. नागपूरला जुन्या सायकलींचं प्रदर्शन भरणार होतं. फॉर्मवर फ्रेमचा नंबर लिहायचा म्हणून त्यांनी सायकल उलटी केली. पेडलचा आस ज्या नळीत बसतो तिच्या खाली तो कोरलेला असतो. नंबर त्यांच्या वहीतल्या नंबरशी जुळला नाही. गणपतीत आठ दिवस सायकल मिस्त्रीकडे होती. आणि मिस्त्री तीनदा म्हणाला होता, "गुरुजी, विकाल तवा मलेच द्या जी."

मी लगेच गुन्हा नोंदवला नाही. तक्रारीत फ्रेम बदलली एवढंच होतं. कोणी बदलली हा अंदाज होता. आवक नोंद करून मी ती अर्ज चौकशीवर ठेवली. पण पडताळणीचा कागदही थांबवून ठेवला. अर्ज प्रलंबित असताना 'प्रतिकूल काही नाही' असं लिहिता येत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ठाण्यात फोन आला. नाव सांगितलं नाही. "सायकलवाल्या मिस्त्रीची चौकशी चालू हाय ना? दोन महिन्याखाली तो पोत्यात निळी फ्रेम बांधून एसटीनं तुमसरले गेला. मी त्याच गाडीत होतो." एवढं बोलून फोन ठेवला. हवालदारांनी कंडक्टरला गाठलं. कंडक्टरला पोतं आठवत होतं, कारण त्याच्यावरून त्यांचा मिस्त्रीशी वाद झाला होता.

"मॅडम, खबर खरी निघाली जी," हवालदार म्हणाले. त्यांचं तोंड पडलं होतं. स्वतःची सायकल ते मिस्त्रीकडेच टाकत.

मी मिस्त्रीला बोलावलं. चाळिशी ओलांडलेला, अंगाने बारीक, नखांत ग्रीस. त्यांच्या वडिलांनी शेतमजुरी करून चारही मुलांना शिकवलं होतं. हे धाकटे, यांनीच आयटीआय पूर्ण केलं होतं. समोरच्या खुर्चीवर बसा म्हटलं तर टोकावर बसले.

"गुरुजींची फ्रेम बदलली?"

"नाही जी."

"मग बदलली कशी?"

"मले समजूनच नाही राहिलं मॅडम. मी फक्त मागचं चाक खोललो होतो."

"दोन महिन्यांपूर्वी तुमसरला काय नेलं?"

आतापर्यंत सरळ माझ्याकडे बघत होते, ती नजर टेबलावर गेली.

"फ्रेम नेलो होतो."

"निळी?"

"हाव जी."

"कोणाची?"

"ते नाही सांगता येत."

मी तोच प्रश्न चार प्रकारांनी विचारला. उत्तर तेच. मग मी एक गोष्ट केली. तिची मला आज थोडी लाज वाटते. पडताळणीचा कागद गठ्ठ्यातून काढून त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "हा तुमचाच ना?"

त्यांनी तो वाचला. वेळ लागला. मग म्हणाले, "मॅडम, नोकरी जाईन त जाईन. घरी दोन लेकी हायेत, मले काय समजत नाही का? पण ज्याची फ्रेम हाय त्याले मी शब्द देला हाय. तुम्ही त्याचं नाव मले इचारू नका."

ते गेल्यावर मी वहीत लिहिलं, 'उत्तर टाळतो.' पंचवीसहून अधिक वर्षं हे दोन शब्द मी लिहीत आले होते आणि बहुतेक वेळा ते खरे ठरले होते. मनात मी त्यांना दोषी धरून मोकळी झाले होते. फक्त गुरुजींचा जबाब सविस्तर घ्यायचा राहिला होता, म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले.

गुरुजींनी वही पुढे केली. चौदा सायकली, मालकाचं गाव, रंग, नंबर, कुठे सापडली. सगळं आखीव. मला अशी कामं आवडतात, म्हणून मी सगळ्या ओळी वाचल्या. दोन सायकली निळ्या होत्या, एकाच कारखान्याच्या, एकाच बनावटीच्या. एक गुरुजींची, दुसरी कोंढ्याच्या एका शेतकऱ्याची. त्यांना सगळे भाऊ म्हणत.

"या दोन्ही कधी एकत्र असतात?"

"वर्षातून एकदा तरी. धान मळून झालं, की भाऊंच्या खळ्यावर सगळे जमतो. प्रत्येक सायकल पूर्ण खोलायची. छर्रे, चेन, ब्रेक, सगळं घासलेटात धुवायचं. संध्याकाळपर्यंत पुन्हा जोडायची."

"चौदा सायकलींचे भाग मिसळत नाहीत?"

गुरुजींना प्रश्न आवडला नाही. "बाई, आम्ही इतके अडाणी नाही. प्रत्येकाचं वेगळं घमेलं. त्यावर नावाची चिठ्ठी. छर्रा इकडचा तिकडे होत नाही."

"आणि फ्रेम? ती घमेल्यात मावत नाही."

"फ्रेमा धुऊन बांबूवर टांगतो. वाळल्या, की ज्याने त्याने आपली काढायची."

"फ्रेमला चिठ्ठी?"

"फ्रेमेले कायची चिठ्ठी?" इतका वेळ पुस्तकी बोलणारे गुरुजी एकदम घरच्या बोलीवर आले. "आपलं लेकरू वळखायले चिठ्ठी लागते का?"

आपलं बोलणं त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं. हळू आवाजात म्हणाले, "गेलं वर्षभर चढावर जड जाते. मला वाटलं, गुडघे."

जबाबावर सही घेऊन मी तशीच जीपने कोंढ्याला गेले. भाऊ अंगणातच होते. पोलीस पाहून त्यांचा चेहरा उतरला. त्यांची निळी सायकल भिंतीला टेकलेली होती, वरून गोणपाट टाकलेलं.

"भाऊ, ही जरा उलटी करायची आहे."

"करा जी," ते म्हणाले आणि न विचारताच बोलू लागले. "मीच चुकलो मॅडम. ट्रॅक्टर बिघडला होता, म्हणून धानाचा एक कट्टा, भरलं पोतं, लादला. बांधावरच खालची नळी तडकली. मिस्त्रीले म्हटलं, कोणाले सांगू नको बाप्पा, नाही त हे लोक मले जलमभर बोलतीन. तो तुमसरले घेऊन गेला, तिथून वेल्डिंग करून आणली. पण त्याच्यासाठी पोलीस?"

हवालदारांनी कपडा ओला करून नळी पुसली आणि एकेक आकडा वाचला. मी गुरुजींच्या वहीतल्या ओळीवर बोट ठेवून ऐकत होते. शेवटच्या आकड्यापर्यंत जुळला. पंच बोलावून पंचनामा केला.

आता मला सगळं दिसलं. मागच्या खळ्यावर दोघांनी एकमेकांची फ्रेम उतरवली, तिला स्वतःचे भाग जोडले आणि घरी गेले. भाऊंच्या हातून तडकली ती गुरुजींची फ्रेम. मिस्त्रीने गुपचूप वेल्डिंग करून आणली तीही गुरुजींचीच. आणि हे त्या तिघांपैकी एकालाही माहीत नव्हतं.

चोरी झालीच नव्हती. पण प्रकरण संपलं असं मला वाटेना. गुरुजींची वीस वर्षांची फ्रेम त्यांना न विचारता आगीत गेली होती. रागाने ते अर्ज कायम ठेवू शकत होते. अर्ज पुढेमागे फेटाळला गेला असता, पण आयटीआय तेवढी थांबली नसती.

मी तिघांना ठाण्यात एकत्र बोलावलं. दोन्ही सायकली आवारात उलट्या ठेवल्या. पंचनामा वाचून दाखवला. भाऊ खाली मान घालून उभे. मिस्त्री त्यांच्याकडे वळून पहिलं वाक्य बोलले ते हे, "भाऊ, मी नाही सांगतलो जी."

"माहीत हाय ना बे. सायकलीनंच सांगतलं."

गुरुजी कोंढ्याहून आलेल्या सायकलीपाशी बसले, गुडघ्यावर हात टेकत. खालच्या नळीवरून बोटं फिरवली, एकदा, दोनदा. जोड सापडेना, म्हणून चष्मा काढून पुसला.

"कोणी केलं?"

"तुमसरच्या राइस मिलमधला फिटर हाय, त्यानं," मिस्त्री म्हणाले. "पितळेनं भरलं. मी धरून उभा होतो."

"वाकली नाही ना?"

"नाही जी. दोरी लावून पायलो. सुताचाही फरक नाही."

"रंग?"

"जोडापुरताच लावलो. आठ दिवस रंग जमवत होतो."

गुरुजी उठले. भाऊंना म्हणाले, "एक कट्टा लादलास?"

"एकच, गुरुजी."

"दोन असते तर तुला वर्गाबाहेर उभा केला असता." भाऊ त्यांचे विद्यार्थी होते, हे मला तेव्हा कळलं. मग ते माझ्याकडे वळले. "बाई, कागद द्या."

त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, की तक्रार गैरसमजातून केली, मिस्त्रीविरुद्ध काही म्हणणं नाही. खाली, मी न सांगता, एक ओळ जास्त लिहिली: 'सदर इसमाच्या कारागिरीबद्दल अर्जदारास आदर आहे.' अर्ज चौकशीच्या फाइलमध्ये अशी ओळ मी आधी कधी पाहिली नव्हती. फाइल निकाली काढली. 'प्रतिकूल काही नाही' असं लिहून पडताळणी त्याच दुपारी विशेष माणसाकरवी भंडाऱ्याला पाठवली.

आवारातच मिस्त्रीने दोन्ही सायकली खोलल्या आणि फ्रेमा ज्याच्या त्याला दिल्या. भाऊ म्हणत होते, बिनजोडाची तुम्हीच ठेवा. गुरुजींनी ऐकलं नाही. आपली वेल्डिंग झालेली फ्रेमच घरी नेली. नागपूरच्या प्रदर्शनातही तीच ठेवली, पुढच्या रांगेत. फॉर्मवर दुरुस्तीचा रकाना होता, त्यात मिस्त्रीचं आणि फिटरचं नाव लिहिलं.

मुलांनो, चौकशीत गप्प बसणारा माणूस काहीतरी लपवत असतो, एवढं आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. ते खरं आहे. पण तो स्वतःचंच लपवत असेल असं नाही, हे कोणी शिकवलं नव्हतं. त्या निनावी फोनवाल्याची खबरही शब्दशः खरी होती. तिला जोडलेला अर्थ माझा होता आणि तो चुकला होता. दुसऱ्या दिवशी गुरुजींच्या घरी न जाता टेबलावरच फाइल पुरी केली असती, तर एक माणूस दिलेला शब्द पाळल्याबद्दल कायमचा नोकरीला मुकला असता, आणि माझ्या कागदांत मला कुठेही चूक दिसली नसती. त्यानंतर निवृत्तीपर्यंत 'उत्तर टाळतो' असं लिहिलं, की त्याखाली मी स्वतःसाठी एक प्रश्न लिहीत असे: कोणासाठी?

मिस्त्री अजून आयटीआयमध्ये आहेत. पवनीतलं दुकान फक्त रविवारी उघडतं. गुरुजी आता सायकल चालवत नाहीत. ती त्यांची नात चालवते. चौदापैकी नऊ सायकली रस्त्यावर आहेत, आणि धान मळून झालं, की कोंढ्याच्या खळ्यावर त्या दर वर्षी खोलल्या जातात.