मावशीचा घसा बसला नव्हता

आमच्या घरात लग्न असलं की हळद दळताना गाण्याची पहिली ओळ ठाकूरवाडीतली मावशी म्हणते आणि पुढची आमच्या बायका उचलतात. गावात मुसलमानांची घरं मोजकीच, पण आमचं घरचं बोलणं आणि तिचं ठाकरांचं बोलणं यांत फार अंतर नाही. अब्बांच्या हळदीलाही तीच जात्यावर बसली होती.

यंदा माझ्या थोरल्या बहिणीच्या, आपाच्या हळदीला ती आली ती हसतच. "पाड्यातली पोरं आडवी आली गो. म्हणं, त्यांच्यात कशाला जातंस? मी बोल्ले, पोरगी माज्या मांडीवर वाढलीय."

भिवंडीहून नवऱ्याकडच्या बायका आल्या होत्या. मावशीनं खुंटा धरला, गाऊ लागली. दोन ओळी झाल्या नाहीत तोच त्यांच्यातली एक म्हणाली, "ये तो हिंदुओं का गाना है ना?"

"इनके घर में उर्दू नहीं चलती क्या?" दुसरी म्हणाली, आणि त्या हसल्या.

अम्मीनं मावशीच्या खांद्यावर हात ठेवला. "राहू दे गो मावशी. चहा घे."

जातं थांबलं. मावशीनं हात लुगड्याला पुसले आणि ती बाहेर पडली. कुणीतरी मोबाइलवर गाणी लावली आणि वाटीत पाकिटातली हळद कालवली.

अब्बा मोर्च्यांतून पत्रकं आणायचे, त्यांवर मी अक्षरं गिरवली. आता मातृभाषेवर मीच पत्रकं लिहिते. मावशीमागे अंगणात धावले आणि बोलत सुटले: ही आपल्या भाषेची गळचेपी आहे, आपण गप्प बसता कामा नये! तिनं सगळं ऐकून घेतलं.

"माज्यासमोर काय भाषण करतंस? आत जा, आयला सांग."

आत गेले. अम्मी सरबताचे ग्लास भरत होती. मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाली, "तिथं नांदायला कोण जाणार? तू?"

पाटावर बसलेली आपा माझ्याकडे बघत होती. मी ट्रे उचलला आणि त्या बायकांपुढे धरून म्हणाले, "लीजिए."

लग्नाला मावशी आली. नखं अजून पिवळी होती. शेजारणीनं विचारलं, "यंदा गायलीस नाय का गो?"

"घसा बसलाय," ती म्हणाली आणि थोडं खोकलीसुद्धा.

पाड्यावरही तिनं हेच सांगितलं. परवा शहापूरच्या बाजारात त्या पोरांतला एक भेटला. "तुमच्यात गाऊन गाऊन मावशीचा घसा गेला ना?"

मी "हो" म्हणाले.