फिटरची बायको हरपली

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, पण जुन्या आठवणी काढायला कुणी सांगितलं की आधी फिटरचं प्रकरणच तोंडावर येतं. हसू येतं आणि छातीत धस्सही होतं. एक निरपराध पोरगा त्या वेळी फासाच्या दोरापर्यंत जाता जाता राहिला होता.

महाराष्ट्र राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. मी दिग्रसला ठाणेदार होतो. उन्हाळा होता, कापसाच्या जिनिंगचा हंगाम संपून गावात सुस्ती आली होती. सकाळची हजेरी घेत होतो, तोच बसस्टँडवरचा पानठेलेवाला धापा टाकत आला. हा माझा खबऱ्या. याची खबर बहुतेक वेळा फुसकीच निघे, त्यामुळे मी मान वर केली नाही.

"साहेब, फिटर आला जी. पण एकटाच आला!"

"मग ओवाळू का त्याला?"

"तसं नाई जी. बायकोले संगं घेऊन गेलता ना तो? आन् आता सासऱ्याच्या दारात जाऊन पुसून राह्यला, का माही बायको आली काय म्हणून!"

मग मात्र मी टोपी घातली.

हा फिटर जिनिंगमधली यंत्रं दुरुस्त करणारा तरुण. त्याचं आणि सासरचं, दोन्ही घरं नव्यानं बौद्ध झालेली. लग्न वंदना घेऊन साधेपणानं झालं होतं. नव्या नवरीनं पहिलाच हट्ट धरला, "मले समुद्र पाहाचा हाय." यानंही कमाल केली. भंगारातली एक जीप खटपट करून चालू केली, ताडपत्रीचं पाल शिवलं, स्टोव्ह आणि पीठमीठ भरलं आणि दोघं कोकणात निघाली. किनाऱ्यानं गावोगाव जायचं, पाल ठोकायचं, भाकरी भाजून खायची, पुढं निघायचं. अख्ख्या दिग्रसनं त्यांना वेड्यात काढलं होतं.

मी जिनिंगवर पोचलो तेव्हा सासरा आणि त्याचे दोन्ही मुलगे काठ्या घेऊन आधीच फाटकात उभे होते. सासरा हमालांचा मुकादम, आडव्या हाडाचा माणूस. फिटर इंजिनघरात दडला होता. मी त्याला ठाण्यात आणलं ते मुख्यतः त्याचा जीव वाचवायला. मुकादम मागोमाग आला आणि ओरडला, "साहेब, माही पोरगी आणून द्या, नाई त याले माह्या हवाली करा!" इतकं बोलून तो पायरीवर बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

जबानी सुरू केली.

"बायको कुठं आहे?"

"हरपली जी."

"बायको काय चाबी आहे का रे, हरपायला?"

"खरंच हरपली साहेब. खाडीवर हरपली."

हकिकत अशी सांगितली. एका खाडीवर पूल नव्हता. जीप मोठ्या तराफ्यावरून न्यायची, त्याला वेळ होता. बायको म्हणाली, मी होडीनं पुढं होते. हा नंतर जीप घेऊन पलीकडच्या धक्क्यावर उतरला, तर बायको नाही. होडीही नाही. परत अलीकडे येऊन तिथल्या पोलीस चौकीत सांगितलं. मग पुढच्या गावापासून सडकेनं शोधत गेला. शेवटी वाटलं, एसटीनं माहेरी गेली असेल, म्हणून इकडं आला.

तेवढ्यात आमच्या हवालदारानं जीपची झडती घेऊन एक लुगडं माझ्या टेबलावर आणून टाकलं. पदरावर लालभडक डाग. "रगत हाय साहेब," तो विजयी चेहऱ्यानं म्हणाला.

"फळाचा डाग हाय जी तो," फिटर रडकुंडीला आला. "तिकडं लाल आंबट फळ भेटते. तिनं पदरात घेतलं होतं."

लाल आंबट फळ! आमच्याकडं कुणी असलं काही पाहिलं नव्हतं. पालाच्या ताडपत्रीवर पांढरे चट्टे होते. विचारलं, तर म्हणे पाणी दूर होतं म्हणून रेतीत पाल ठोकलं आणि झोपेत समुद्रच पालात शिरला. हवालदार हसला. दिग्रसमध्ये पाणी आपली जागा सोडून माणसांच्या अंथरुणात येतं यावर कोण विश्वास ठेवणार? पंचांनी पंचनाम्यावर सह्या केल्या. जिल्ह्याच्या साहेबांना कळवलं, तर त्यांचं एकच, बाई गेली, रक्त सापडलं, दफा तीनशे दोन लावा आणि मोकळे व्हा.

मला मात्र एक गोष्ट खुपत होती. बायकोला मारलेला माणूस सासऱ्याच्या दारात जाऊन ती आली का म्हणून कशाला विचारेल? मी त्याच्यापुढं चहा ठेवला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"चौकीत नेमकं काय बोललास?"

"हेच, का माही बायको हरपली."

"मग हवालदार काय म्हणाला?"

"लय चांगला माणूस होता जी. माह्या खांद्यावर हात ठेवला. देवाची मर्जी, म्हणे. चहा पाजला. पोहता येत होतं काय, म्हणून पुसलं. मी म्हणलं, नाई. तर त्यानं डोळे पुसले आन् म्हणे, घरी जा, पुढचं सगळं नीट कर."

"शोधायला कुणी आलं?"

"कोणीच नाई! मलेही नवल वाटलं. मी म्हणलं, हरपली त पाहा ना! तर तो माह्या पाठीवरून हातच फिरवून राह्यला."

मी खुर्चीतून उठलोच. मी बाभुळगावकडचा, आमच्या घरी चाबी हरपते, बैल हरपतो, बाजारात पोरगं हरपतं आणि सगळे संध्याकाळपर्यंत घरी येतात. पण कोकणात, पुण्याकडं, पुस्तकात माणूस हरपला म्हणजे तो वारला. त्या भल्या हवालदारानं फिटरचं सांत्वन केलं होतं! मेलेल्या बाईला जिवंत समजून कोण शोधणार?

पोस्टात जाऊन त्या चौकीला ट्रंक कॉल लावला. लाइन मिळेपर्यंत मुकादम आणि फिटर बाकाच्या दोन टोकांना बसून होते, मधे आमचा शिपाई. आवाज आला तसा मी घसा फाडून विचारलं, "वऱ्हाडातल्या माणसाच्या बायकोचं काय झालं?"

"हरपली बिचारी," तिकडून हवालदार म्हणाले. "होडी उलटली असणार. प्रेत मिळालं नाही."

"अहो, हरपली म्हणजे हरवली! आमच्याकडं हरवण्याला हरपणं म्हणतात! ती मेलेली नाही!"

मग हवालदार अगदी हळू आवाजात बोलले, "अरे देवा. साहेब, खाडीपलीकडं, समुद्राच्या तोंडाशी कोळ्यांचं गाव आहे. ते आमच्या हद्दीत नाही, पण तिथं तुमच्याकडची एक विधवा आलीय म्हणून ऐकलंय. नवरा हरपला म्हणते. गावातल्या बाया हैराण झाल्यात. कुंकू पुसत नाही, बांगड्या काढत नाही, वर म्हणते, येईलच आता. दुःखानं डोक्यावर परिणाम झालाय, असं सगळे समजतात."

मी फोन हातात धरून हसायला लागलो आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. खोटं कशाला सांगू, इतका हलका मी बढती मिळाल्यावरही झालो नव्हतो. मुकादमाला सांगितलं तसा तो उठला. मी म्हटलं, आता जावयाला हाणतो की काय. त्यानं फिटरचं डोकं दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि सोडेचना.

सासरा, जावई आणि एक शिपाई त्याच जीपमधून कोकणात गेले. बाईला घेऊन परतले ते घरी न जाता थेट ठाण्यात, कारण तिला हजर केल्याशिवाय प्रकरण बंद होणार नव्हतं. उन्हानं काळवंडलेली, धिटाईनं बोलणारी पोर. ओहोटी लागून होडी धक्क्यापर्यंत जाईना, म्हणून नावाड्यानं सगळ्यांना खाली त्या कोळ्यांच्या गावात उतरवलं होतं. एका म्हाताऱ्या कोळणीनं तिला लेकीसारखं सांभाळलं. पाणी उतरलं की होडी अडते हे ना नवऱ्याला ठाऊक होतं, ना बायकोला.

"पण बाई, तू कुणाला घेऊन धक्क्यावर का गेली नाहीस?" मी विचारलं.

"कायले जाऊ जी? बाबानंच शिकवलं ना, बाजारात हरपलं त जागा सोडाची नाई!" मग तिनं नवऱ्याकडं पाहिलं. "मी होती तिथंच बसून होती. मी नाई हरपली. हरपले त तुमी होते!"

अख्खं ठाणं हसलं. फिटरही हसला, फार दिवसांनी. तिनं फडक्यात बांधून आणलेली लाल फळं टेबलावर ठेवली. आमच्या हवालदारानं एक फोडलं आणि बोटं लाल झालेली पाहून हात पाठीमागं लपवले.

त्यानंतर नोकरी संपेपर्यंत मी कुणाचीही जबानी घेताना एक प्रश्न हटकून विचारत असे, "बाबा, तुझ्या घरी या शब्दाला काय समजतात?" कायद्याच्या पुस्तकात हा प्रश्न नाही. तो असायला हवा होता, कारण माणूस खरं बोलत असतो आणि ऐकणाराही प्रामाणिक असतो, तरी मधल्या मधे कुणाचा तरी जीव जायची वेळ येते.

त्या दिवशी प्रकरण बंद करताना लेखनिकानं दौतीत टाक बुडवला आणि विचारलं, "साहेब, स्टेशन डायरीत काय लिहू? हरपली लिहू का हरवली?"

दाराबाहेर मुकादम लेकीच्या डोक्यावरून हात फिरवत उभा होता.

मी म्हटलं, "सापडली, असं लिही."