साडूंच्या गार प्लेटा

आमच्या साडूंच्या मते जगात दोनच प्रकारच्या वस्तू आहेत: तापलेल्या आणि तापायच्या राहिलेल्या. माणसंही त्यांनी याच दोन खणांत टाकली आहेत. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा हा नवरा कुणाच्याही घरी गेला की नमस्कार-चमत्कार नंतर, आधी टीव्हीच्या मागे हात घालणार. मग वायफायच्या डबीवर तळवा ठेवून, पेशंटच्या नातेवाइकांना बाजूला घेतल्यासारख्या आवाजात सांगणार, "हिला श्वास नाही." आमच्या नव्याकोऱ्या शोकेसला त्यांनी मागून भोकं पाडली, तीही आम्ही त्यांच्यासाठी चहा टाकायला आत गेलो असताना. खिशात तापमान मोजायची बंदूक कायम असते. मिसळ खायला गेलो की ती तर्रीवर रोखतात आणि आकडा मनासारखा उतरेपर्यंत कुणाला पाव बुडवू देत नाहीत. एकदा सासरे कशावरून तरी भडकले, तर या गृहस्थांनी शांतपणे बंदूक त्यांच्या कपाळावर धरली आणि "अजून चढतंय" असं सगळ्यांसमोर जाहीर केलं. सासऱ्यांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. साडूंच्या ते बरेच महिने लक्षातच आलं नाही.

सातपूरच्या कारखान्यांच्या वसाहतीत त्यांची छोटी शेड आहे. तिथे आधी गाड्यांचे सुटे भाग व्हायचे आणि आम्ही सगळे सुखात होतो. मग मुंबईच्या एका संशोधन संस्थेतल्या मॅडमनी त्यांना एक ड्रॉइंग दाखवलं आणि ते सुख संपलं. परदेशात कुठेतरी जमिनीखालच्या बोगद्यात अणूच्याही आतले कण एकमेकांवर आपटवतात म्हणे. त्यातून जे उडतं ते टिपायला सिलिकॉनच्या पातळ चकत्या लावलेल्या असतात, चकत्यांवर इलेक्ट्रॉनिक्स, आणि हे सगळं तापतं. तापलं की चकती काहीच्या काही सांगायला लागते. म्हणून तिच्या पाठीला अॅल्युमिनियमची प्लेट चिकटवायची आणि प्लेटीतल्या बारीक नळीतून बर्फाहून गार द्रव खेळवायचा. "जग कशाचं बनलंय ते शोधताहेत, साडूभाऊ," ते मला म्हणाले, "आणि सगळं अडलंय एका प्लेटीवाचून." विश्वाचं रहस्य इतकी वर्षं सातपूरच्या सिग्नलला खोळंबलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

या प्लेटांसाठी शेडच्या कोपऱ्यात काचेची खोली झाली. आत जायचं तर चपला बाहेर, डोक्याला टोपी, हात धुऊन वर मोजे. उघड्या बोटाचा तेलकट ठसा उमटला तर चकती नीट चिकटत नाही. हवा दमट असली तर फ्रिजमधल्या बाटलीला सुटतं तसं गार प्लेटीला पाणी सुटतं आणि वरचं इलेक्ट्रॉनिक्स कायमचं जातं. मला बाहेरूनच काचेतून दर्शन मिळायचं, कारण मी घाम येणारा माणूस. मी या खोलीला गाभारा म्हणायचो आणि स्वतःच हसायचो. पण नमुन्याच्या प्लेटा पास झाल्या नाहीत तर काम दुसऱ्याला जाईल, आणि या एका कामापायी साडूंनी जुनी गिऱ्हाइकं केव्हाच सोडून दिली आहेत, हे मेहुणीने हळूच सांगितलं तेव्हा माझं हसू जरा आवरलं.

प्लेटा तयार झाल्या नेमक्या खंडेनवमीला. दसरा झाला की मॅडम तपासायला येणार होत्या. खंडेनवमीला सातपूरची यंत्रं बंद असतात. प्रत्येकाला हळदकुंकू आणि झेंडूची माळ. साडूंच्या आई पूजेसाठी मुद्दाम हरसूलहून आल्या होत्या. लेथ झालं, ड्रिल झालं, कॉम्प्रेसर झाला, आम्ही पेढे खात उभे राहिलो आणि आई दिसेनात. मेहुणीने काचेकडे बोट केलं. दाराशी चपला नीट जोडीने काढलेल्या, डोक्यावर टोपी, आणि आई एकेका प्लेटीला ओली हळद, वर कुंकू, वर अक्षता असं निगुतीनं लावत शेवटच्या प्लेटीपर्यंत पोचलेल्या. मोजे मात्र बाजूला ठेवले होते. मोजे घालून कुणी पूजा करतं का?

"तूच सांगतो ना, चपला काढ, टोपी घाल, हात धू," त्या लेकाला म्हणाल्या. "समदं पाळलं मी. लय जपून लावलं. येक बी सुटू दिली नाय."

शेडमध्ये सगळ्यांचे पेढे हातातच राहिले. साडूंनी बंदूक काढली नाही. ते प्लेटांकडे बघत राहिले, मग आईकडे, मग वाकून आईच्या पाया पडले आणि म्हणाले, "बरं केलंस, आई." बाहेर आल्यावर मी माझ्या अकलेनुसार सुचवलं की गुपचूप पुसून टाका, कुणाला कळतंय. त्यांनी मोबाइल काढला, मॅडमना फोन लावला आणि प्लेटांची पूजा झाली आहे असं सरळ सांगून टाकलं. मग मॅडमनी एवढंच विचारलं, की हळद ओली होती का कोरडी. त्यांनाही आई असावी.

मॅडमनी भेट पुढे ढकलली. साडूंनी प्लेटा धुतल्या, तपासल्या, परत धुतल्या, जेवणाची शुद्ध नव्हती. मॅडम आल्या, दिवसभर भिंग लावून बसल्या आणि प्लेटा पास झाल्या. एक सोडून. तिच्या खाचेतली हळद काही केल्या निघाली नाही.

यंदा आई गेल्या. दिवस झाल्यावर मी शेडमध्ये गेलो, तर साडू टेबलाशी बसले होते आणि ती नापास प्लेट त्यांच्या हातात होती, मोजे न घालता. अंगठा त्या पिवळ्या डागावरून फिरत होता. मी जुन्या सवयीनं विचारलं, "काय साडू, गार आहे ना?"

"नाही हो," ते म्हणाले. "कोमट आहे."

त्यांनी प्लेट माझ्या हातात दिली. मला ती गारच लागली. "हो, कोमट आहे," मी म्हणालो आणि जपून परत दिली.