एक बटण कमी

उमाळकरकाकू भाजीवाल्यालासुद्धा आधी विषय सांगायच्या. "विषय है, कल की भिंडी," अशी गॅलरीतून सुरुवात, आणि मग सविस्तर तक्रार. राज्य सरकारच्या एका कार्यालयात, आस्थापना शाखेत, त्यांची सारी नोकरी गेली होती. राजधानी हलली तेव्हा वडील नागपूरहून सरकारी दफ्तराबरोबर भोपाळला आले, काकू तिथेच जन्मल्या, तिथेच नोकरीला लागल्या. निवृत्त झाल्या, तरी त्यांच्यातला कारकून काही निवृत्त झाला नाही. भोपाळच्या शाहपुऱ्यात मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहायचो. आता बदली होऊन जबलपूरला आलो आहे, पण संध्याकाळी जिन्यात पावलं वाजली की अजून वाटतं, काकू हाक मारणार, "मनोज, जरा वर ये. प्रकरण आहे."

काका बोलघेवडे. बरखेड्याच्या कारखान्यात मशीनवर आवाज चढवून बोलायची सवय लागलेली, ती घरीही सुटली नाही. ते चहा मागायचे तेव्हा तो खाली माझ्या बायकोलाही ऐकू यायचा. आणि याच माणसाची वाचा पक्षाघातानं गेली. उजवा हातही गेला. समजायचं सगळं, पण तोंडातून शब्द निघेना. मान हलवायचे, तर 'हो'ला आणि 'नाही'ला एकसारखीच. या आजारात असं होतं, असं डॉक्टर म्हणाले. पंखा हवा असायचा आणि काकू पाणी आणायच्या. मग डाव्या हातानं पेला भिंतीवर.

मुलगी मृदुला पुण्याला. बाबांना तिथल्या एका शुश्रूषा केंद्रात ठेवावं आणि आईनं आपल्याकडे राहावं, असं तिचं म्हणणं होतं. एकदा फोनवर ती वैतागून म्हणाली, "आई, त्यांना काय हवंय ते तुलाही कळत नाही. मग घर काय आणि केंद्र काय?" काकूंना हे फार लागलं, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं. पण लग्नापासून ज्याच्याशी रोज भांडल्या, त्या माणसाला परक्या हातांत द्यायचं या विचारानं त्यांचा जीव गोळा व्हायचा.

एआयला सांगितलं की ॲप बनवून मिळतं, हे त्यांनी कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं. प्रोग्रामिंगचं सोडाच, काकूंना फोनवरची अक्षरं मोठी करता येत नव्हती. पण मसुदा लिहिता येत होता. त्यांनी एआयला पत्रच लिहिलं. 'विषय: मेरे पति हेतु बोलने वाला ॲप. उपरोक्त विषयांतर्गत लेख है कि मेरे पति बोलने में असमर्थ हैं,' इथपासून 'कृपया आवश्यक कार्यवाही करें'पर्यंत.

मी हसलो, तर म्हणाल्या, "हसून काय राहिला? साहेब असो की मशीन, लिहायची एक पद्धत असते."

मशीननं कार्यवाही केली, तीही त्याच दिवशी. असं नोकरीत कधी झालं नसल्यामुळे काकू जरा संशयानंच पाहत होत्या.

ॲप तयार झालं, पण ते झालं काकूंच्या मनातल्यासारखं. पाणी हवं असेल तर आधी 'भोजन शाखा' दाबायची, मग 'पेय', मग 'पाणी', मग 'साधे की थंड', आणि शेवटी 'आपण निश्चित आहात काय?' काकांनी थोडा वेळ खटपट केली आणि फोन पलंगाखाली भिरकावला. काकू तो उचलून पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "अरे, मी तर ह्यांना माझ्याच ऑफिसात चकरा मारायला लावल्या."

दुसरं पत्र गेलं, 'समस्त शाखाएँ समाप्त की जाएँ.' आता एकाच पडद्यावर मोठमोठी बटणं आली. आवाज माझा, कारण "बाईच्या आवाजात ह्यांनी चहा मागितलेला बरा दिसेल का?" मी त्यांच्या स्वयंपाकघरात उभा राहून फोनमध्ये बोललो, "चहा द्या." काकूंनी थांबवलं. "हे मला 'द्या' म्हणतील? ह्यांचाच विश्वास बसायचा नाही." मग 'चहा दे', 'पाणी दे', 'पंखा लाव', 'पाठ दुखते' असं सगळं एकेरीत बोललो. काका दाबायला शिकले, पेले फुटायचे थांबले, आणि काकूंच्या चेहऱ्यावर जरा रक्त दिसू लागलं.

तेवढ्यात मृदुला आली, तिकिटं काढूनच. काकांच्या पलंगाशी बसून प्रेमानं म्हणाली, "बाबा, पुण्याला चलायचं ना? छान जागा आहे, चोवीस तास माणसं असतात."

काकांनी 'पाणी' दाबलं. पाणी आणलं, तर ढकलून दिलं. मग 'पंखा', 'चहा', 'पाठ दुखते', पुन्हा 'पंखा'. माझाच आवाज खोलीभर वेड्यासारखा बडबडत राहिला.

"बघ आई, आपण काय दाबतोय हेच त्यांना कळत नाहीये," मृदुला म्हणाली. तिचे डोळे भरले होते. मलाही वाटलं, संपलं सगळं.

काकूंनी फोन हातात घेतला. "थांब. ह्यांना कळून राहिलं. चूक माझी आहे. मागायची सगळी बटणं दिली मी ह्यांना. नाकारायचं दिलंच नाही."

त्यांनी लिहिलं. या वेळी विषय नाही, संदर्भ नाही. 'एक बटन और दो. नको का. बड़ा. अभी.' मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मनोज, नको म्हण. ह्यांच्यासारखं, जोरात."

मी जोरात म्हणालो. नवं बटण आलं तसा काकूंनी फोन काकांपुढे धरला. काकांनी बटण पाहिलं आणि दाबलं. "नको."

"हेही असंच दाबलं असेल," मृदुला म्हणाली.

"मग सत्यापन करून घे. विचार."

"बाबा, कारल्याची भाजी?"

"नको."

"श्रीखंड?" हात हलला नाही.

काकूंनी मध्येच विचारलं, "माझ्या हातचा उपमा?"

"नको."

"पहा," काकू म्हणाल्या. "इतकी वर्षं मुकाट खाऊन राहिले हे." मृदुलाला रडताना हसू फुटलं. मग तिनं हळूच विचारलं, "पुणे?"

"नको." आणि लगेच पुन्हा, "नको."

मृदुलानं वडिलांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि म्हणाली, "बरं. नाही नेत." काकू खुर्चीत बसल्या, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "इतके महिने ह्यांच्या वतीनं मीच सगळं ठरवून राहिली. ह्यांना पटतं की नाही, कोणाला विचारू? आता नाही म्हणता येतं ह्यांना. आता विचारायला अर्थ आहे."

मग त्या काकांकडे वळल्या.

"अहो, मग इथंच राहायचं? माझ्याजवळ?"

काकांचा हात त्या बटणावरच होता. आम्ही तिघं त्या हाताकडे पाहत राहिलो. त्यांनी बटण दाबलं नाही.