चालायला निघायचो आणि गाडीवर बसायचो

"तुम्हाला डायबेटिस आहे," महाडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"पण मॅडम, मी चहात साखर कमीच घेतो," मी घाईने म्हणालो. शेजारी बसलेली बायको छताकडे बघू लागली.

एचबीएवनसी वाढलेलं होतं. म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतली साखरेची सरासरी. आदल्या दिवशी उपाशी राहून ती फसत नाही. मी राहून पाहिलंय. तळपायांना मुंग्या येत, ती न्यूरोपॅथीची, म्हणजे नसांना इजा होण्याची सुरुवात.

"गोळ्या घ्या, बूट घालून रोज चाला. साखर उतरली नाही तर इन्सुलिनची सुई."

सुई म्हटलं की मला घाम फुटतो. तरी विचारलं, चालल्यावर साखर जाते कुठे?

"स्नायू ओढून घेतात. त्यांना काम द्या."

दुसऱ्या सकाळी नवे पांढरे बूट घालून आमच्या कापडे गावातून पोलादपूरच्या रस्त्याला लागलो. पहिल्याच वळणावर भावकीतल्या पोराची मोटारसायकल थांबली.

"काका, बसा."

"चालतोय रे."

"चालताय कशाला? गाडी काय परक्याची हाय?"

नाही म्हणावं तर रुसवा. बसलो. त्याने स्टँडवर उतरवून चहाही पाजला. परतताना दुसऱ्याने उचललं. रोज हेच.

पुढचा रिपोर्ट जैसे थे.

"चालायला जाता ना?"

"रोज जातो, मॅडम."

"मोटारसायकलवरून," बायको म्हणाली.

मॅडम हसल्या. "आणखी एकदा बघू. मग मात्र सुई."

त्याच आठवड्यात वहिनीचा गुडघा धरला आणि तिची म्हैस नदीवर न्यायचं काम माझ्याकडे आलं. दावं धरून निघालो. तोच पोरगा आला, वेग कमी केला, माझ्याकडे बघितलं, म्हशीकडे बघितलं आणि निघून गेला.

मग मला चाळाच लागला. ग्लुकोमीटर, म्हणजे घरी बोट टोचून साखर बघायचं यंत्र, आणलं. निघताना टोचायचं, आल्यावर टोचायचं. बहुतेकदा उतरलेली. चढावर जास्त उतरते का? जेवून निघालो तर? सुईची भीती कुठे गेली, कळलं नाही.

"भावोजी, माझ्या म्हशीला टोचू नका हां," वहिनी म्हणाली.

तीन महिन्यांनी रिपोर्टमधली साखर उतरली. गोळ्या चालू आहेत, इन्सुलिन तूर्त टळलं. तुमच्यावर ही वेळ आली तर डॉक्टरांना विचारा आणि मोटारसायकल जात नाही अशी वाट धरा. नाहीतर म्हैस बघा. मी आभार मानतो ते तिचेच.

वहिनीचा गुडघा आता बरा आहे. काल ती दावं मागायला आली होती. मी दिलं नाही.